हिशेबातली तूट आणि न दिसणारे द्रव्य



भाषणाचे नाव वाचून हे ग्रामपंचायतीच्या जमाखर्चाविषयी असावे असा कोणाचा समज झाला, तर त्यात त्यांचा दोष नाही. विषय विश्वातल्या द्रव्याचा आहे. वाट मात्र जमाखर्चाचीच आहे. गेल्या शंभर वर्षांत पदार्थविज्ञानातले काही मोठे शोध असे लागले, की कोणीतरी इमानेइतबारे वही लिहीत बसला, शेवटी ताळा जुळेना, आणि तो त्या तुटीपाशीच अडून बसला. आज जी कथा सांगावयाची आहे तिच्यातली तूट साधीसुधी नाही. सोळा आण्यांच्या मालात साडेतेरा आण्यांचा माल दिसतच नाही, अशी ती तूट आहे. आणि ती शोधणाऱ्या माणसांत आपली, मराठी शाळेत शिकलेली माणसेही आहेत.

प्रथम ही तूट ध्यानात कशी आली ते पाहू. ज्वारी हुरड्यात आली म्हणजे आपल्या फुलंब्रीच्या शिवारात पाखरे राखणारा पोरगा गोफण फिरवतो, हे तुम्ही पाहिलेले आहे. गोफणीतला दगड जितका जोरात फिरेल तितका दोरीवरचा ताण वाढतो. दोरी कच्ची असेल आणि पोरगा हट्टाने वेग वाढवीत राहिला, तर दोरी तुटून दगड भलतीकडेच जायचा. आता समजा, दुरून पाहताना तुम्हांला दगड भरधाव फिरताना दिसतो आहे, पण दोरी दिसते ती अगदी सुताच्या धाग्याएवढी. तुम्ही काय म्हणाल? एक तर डोळे फसताहेत, नाही तर त्या धाग्याबरोबर दुसरी एखादी बळकट दोरी आहे आणि ती आपल्याला दिसत नाही.

आकाशातल्या ताऱ्यांना बांधून ठेवणारी दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. आणि ही दोरी किती बळकट, हे द्रव्य किती त्यावर ठरते. फ्रिट्झ झ्विकी नावाचा स्विस शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात काम करीत होता. त्याने १९३३ साली अरुंधतीकेश या तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या दीर्घिकांच्या एका मोठ्या थव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची प्रचंड वस्ती. त्या थव्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने धावत होत्या, की दिसणाऱ्या द्रव्याच्या बळावर तो थवा केव्हाच उधळून जायला हवा होता. झ्विकीने न दिसणारे द्रव्य असले पाहिजे असे लिहून टाकले. माणूस तऱ्हेवाईक आणि तोंडाचा फटकळ म्हणून प्रसिद्ध होता. पुढची तीसपस्तीस वर्षे त्याचे हे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही.

मग १९७० साली व्हेरा रुबिन या अमेरिकन विदुषीने केंट फोर्ड या सहकाऱ्याबरोबर देवयानी दीर्घिकेतल्या वायुमेघांचे वेग मोजले. या बाईंना प्रिन्स्टन विद्यापीठात खगोलशास्त्र शिकावयाचे होते, पण त्या काळी त्या विभागाचे दार स्त्रियांना बंद होते. आपल्या सूर्यमालेत जवळचा बुध जोरात पळतो आणि लांबचा शनी रमतगमत चालतो, हे तुम्ही भूगोलात शिकवताच. देवयानीतही मध्यापासून दूर जावे तसे वेग उतरायला हवे होते. ते उतरेनात. दूरचे मेघही जवळच्यांच्या बरोबरीने पळताना आढळले. पुढे अनेक दीर्घिका तपासल्या आणि सर्वत्र तोच प्रकार. गोफणीला दुसरी दोरी आहे, ही गोष्ट आता टाळता येईना.

या न दिसणाऱ्या मालाला मराठीत कृष्णद्रव्य म्हणू लागले आहेत. नाव मला फारसे पसंत नाही. काळी वस्तू प्रकाश गिळते, आड येते, सावली पाडते. हे द्रव्य यातले काहीच करीत नाही. ते स्वच्छ काचेहूनही पारदर्शक आहे. पण नाव रुळले, आता त्यापायी भांडत बसण्यात हशील नाही. युरोपच्या प्लांक नावाच्या उपग्रहाने २०१३ साली जो हिशेब दिला, त्याप्रमाणे तुम्हीआम्ही, माती, पाणी, सूर्य, तारे आणि त्यांमधला वायू हे सगळे साधे द्रव्य धरले, तर त्याच्या सुमारे साडेपाच पट हे दुसरे द्रव्य आहे. (कृष्णऊर्जा म्हणून आणखी एक गूढ प्रकरण आहे, ते आजच्या हिशेबात धरलेले नाही.)

इथे एक शंका रास्त आहे. द्रव्य नसेलच, आणि गुरुत्वाकर्षणाचा नियमच दूरवर निराळा लागू होत असेल तर? इस्राएलचे मिल्ग्रोम यांनी १९८३ साली नेमके हेच सुचवले. कल्पना टाकाऊ नाही. पण २००६ साली दोन दीर्घिका-थव्यांच्या टकरीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीत तापलेला वायू मधे अडकून मागे राहिला होता आणि गुरुत्वाकर्षणाचा जोर मात्र पुढे निघून गेलेला दिसला. नुसता नियम बदलून ही गोष्ट उलगडणे कठीण. मी स्वतः द्रव्याच्या पक्षाचा आहे. दुसरा पक्ष अजून मैदानात आहे, एवढे मात्र सांगून ठेवतो.

बरे, द्रव्य आहे तर ते कशाचे? आकाशातली दुर्बीण याचे उत्तर देऊ शकत नाही. दुर्बीण वजन सांगेल, जात सांगणार नाही. जात ओळखावयाची तर कण हाती लागला पाहिजे, नाही तर आपणच तो घडवून पाहिला पाहिजे. इथून कथा आकाशातून उतरून जमिनीखाली जाते.

न दिसणाऱ्या कणाला तुटीवरून ओळखण्याची विद्या जुनी आहे. काही अणुगर्भांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा ऊर्जेचा थोडा भाग हरवतो, असे १९२० च्या दशकात आढळले होते. नील्स बोर यांच्यासारखा मोठा माणूससुद्धा ऊर्जेचा नियमच इथे मोडत असेल असे म्हणू लागला. १९३० च्या डिसेंबरात वोल्फगांग पाउली यांनी एका पत्रात निराळाच तोडगा सुचवला : नियम शाबूत आहे, एक हलका, विद्युत्भार नसलेला कण ती ऊर्जा घेऊन गुपचूप पसार होतो. हाच न्यूट्रिनो. तो प्रत्यक्ष सापडायला १९५६ साल उजाडले. सव्वीस वर्षे एक कण केवळ वहीतल्या तुटीवर जगला!

या न्यूट्रिनोशी आपल्या देशाचा जुना ऋणानुबंध आहे. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसे कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोल उतरली, आणि १९६५ साली जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर त्यांनी वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची खूण टिपली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतही तेच साधले होते. कोलारच्या कामात प्रा. मेनन, प्रा. श्रीकांतन ही नावे पुढे होती. याच खाणीत नंतर काही चमत्कारिक घटनाही नोंदल्या गेल्या, ज्यांचा अर्थ कोणाला नीट लागला नाही. २०१४ साली चेन्नईच्या मूर्ती आणि राजशेखरन या दोन शास्त्रज्ञांनी त्या जुन्या नोंदी काढून, हे कृष्णद्रव्याच्या कणाचे विघटन तर नसेल, असा प्रश्न छापून विचारला. प्रश्न तसाच आहे. खाण तर २००१ सालीच बंद झाली.

मग न्यूट्रिनो हेच कृष्णद्रव्य का नव्हे? न दिसणारा आहे, संख्येने अमाप आहे. काही काळ तसे वाटलेही. पण तो फार हलका आणि फार पळपुटा. विश्वाच्या आरंभी दीर्घिका गोळा व्हायच्या तर संथ, जड द्रव्य पाहिजे होते. वाऱ्यावर उडणाऱ्या भुशाचा ढीग लागत नाही. म्हणजे न्यूट्रिनोसारखाच अबोल, पण वजनदार असा नवा कण पाहिजे.

आता गुरुजनांनी थोडे लक्ष द्यावे, कारण पुढचा भाग वर्गात करून दाखवण्यासारखा आहे. कॅरमचा बोर्ड घ्या. सोंगट्या मधोमध रचून ठेवा. बोर्डाचा अर्धा भाग वर्तमानपत्राने असा झाका की सोंगट्या कागदाखालून सरकू शकतील. एका मुलाला रचलेल्या सोंगट्यांवर वरून सरळ काहीतरी आपटायला सांगा, म्हणजे त्या चहूकडे उधळतील. उघड्या बाजूला गेलेल्या सोंगट्या मोजून, झाकलेल्या बाजूला किती गेल्या असतील याचा अंदाज मुलांना करू द्या. किंवा याहून सोपे उदाहरण : अंगणाच्या मधोमध मडके फुटले आणि सगळ्या खापऱ्या पूर्वेलाच पडलेल्या दिसल्या, तर पश्चिमेला काहीतरी गेले आहे हे शेंबडे पोरही सांगेल.

टक्कर-यंत्रात, म्हणजे ज्याला कोलायडर म्हणतात त्यात, हेच चालते. दोन्ही बाजूंनी प्रोटॉनांचे झोत समोरासमोर येतात. टकरीपूर्वी आडव्या दिशेला, म्हणजे झोताच्या काटकोनात, काहीच संवेग नसतो. म्हणून टकरीनंतर आडव्या दिशेच्या सगळ्या संवेगांची बेरीज शून्य आली पाहिजे. आईन्स्टाइनच्या नियमाने टकरीच्या ऊर्जेतून नवे कण जन्म घेतात. त्यांत कृष्णद्रव्याचे कण असतील तर ते यंत्राच्या भिंतीतून आरपार निघून जातील, आणि मागे राहील ती फक्त बेरजेतली तूट. एका बाजूला कणांचा फवारा आणि समोरच्या बाजूला शुकशुकाट, अशी ती दिसते.

युक्ती ऐकायला सोपी, पण हिने भल्याभल्यांना चकवले आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत १९८३ साली डब्ल्यू नावाचा कण सापडला, तो याच तुटीच्या खुणेवरून. आणि त्याबद्दल १९८४ साली कार्लो रुबिया आणि सायमन व्हान डेर मेर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९८४ साली रुबियांच्या गटाने मोजक्या अशा घटना जाहीर केल्या, की एका बाजूला कणांचा एकच फवारा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. जगभर गलका झाला. नवे कण सापडले, असे पुष्कळांना वाटले आणि निबंधांचा पाऊस पडला. एकदोन वर्षांत कळून चुकले की ठाऊक असलेल्याच निरनिराळ्या क्रिया थोड्याथोड्या मिळून अशा घटना घडवतात. न्यूट्रिनोही त्याच दिशेने पसार होतात ना! खापऱ्या पूर्वेला दिसल्या म्हणून लगेच भूत पश्चिमेला पळाले असे म्हणावयाचे नाही. घरातलेच कोणी उचलून नेल्या असतील, ते आधी विचारायचे. तेव्हापासून शास्त्रज्ञ आधी ओळखीच्या कारणांनी किती घटना घडतील ते काटेकोर मोजतात, आणि मग त्याहून जास्त घटना दिसतात का ते पाहतात. एखाददुसरी घटना पुरावा नव्हे. नेहमीपेक्षा जास्तीच्या घटना हा पुरावा.

सर्नमध्येच १९८९ साली इलेक्ट्रॉन आणि त्यांचे प्रतिकण यांची टक्कर करणारे लेप नावाचे यंत्र सुरू झाले आणि २००० सालापर्यंत चालले. त्यावरच्या चार प्रयोगांपैकी एल-थ्री या प्रयोगात मुंबईची टाटा संस्था सामील होती. इथे झेड नावाचा कण कोट्यवधींनी तयार केला. लग्नघरी किती भात रांधला हे ठाऊक असले आणि पंगतीत किती वाढला हे मोजले, तर डब्यांतून परस्पर किती गेला हे काढता येते. झेड कणाचा किती वाटा न दिसता निघून जातो हे तसेच काढले, आणि हलके न्यूट्रिनो तीन जातींचे आहेत, चौथी नाही, हे पक्के झाले. आकडा आला २.९८. जे दिसत नाही त्याची मोजदाद करता येते, याचा याहून देखणा दाखला मला तरी ठाऊक नाही.

आता आपल्या घरच्या माणसाकडे येऊ. रोहिणी गोडबोले यांचा जन्म १९५२ साली पुण्यात झाला. शाळा हुजूरपागा, माध्यम मराठी. त्या काळी तिथे मुलींना सातवीपर्यंत शास्त्र हा विषय म्हणून नव्हताच, गृहविज्ञान होते. सातवीच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मात्र शास्त्र होते. या मुलीने ते स्वतंत्रपणे अभ्यासले आणि ती शिष्यवृत्ती मिळवणारी ती त्या शाळेतली पहिली मुलगी ठरली. पुढे स. प. महाविद्यालय, मुंबईचे आय. आय. टी., आणि १९७९ साली अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक इथून पीएच. डी. परत येऊन तीन वर्षे टाटा संस्थेत, मग १९८२ ते १९९५ मुंबई विद्यापीठात अध्यापन, आणि त्यानंतर बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. अमेरिकेत राहता आले असते, राहिल्या नाहीत.

त्यांचे काम यंत्र चालवण्याचे नव्हे, यंत्रात काय दिसेल हे आधी सांगण्याचे. हे काम किती महत्त्वाचे आहे ते १९८४ च्या गोंधळावरून तुमच्या ध्यानात आलेच असेल. मॅन्युएल ड्रीस यांच्याबरोबर १९९१ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की भावी इलेक्ट्रॉन-यंत्रांत प्रकाशकणच एकमेकांवर आदळून नको असलेल्या कणांचा कचरा उठवतील आणि त्याचा विचार यंत्राचा आराखडा करतानाच करावा लागेल. यंत्र बांधणाऱ्यांना ही गोष्ट मानावी लागली.

१९८० च्या दशकात कृष्णद्रव्यासाठी एक उमेदवार पुढे आला होता. अतिसममिती नावाच्या सिद्धान्ताप्रमाणे प्रत्येक ज्ञात कणाला एक जड जोडीदार असावा. या जोडीदारांतला सर्वांत हलका कण मोडत नाही, कारण मोडून व्हायला त्याच्या कुळात त्याहून हलके कोणी उरलेलेच नसते. त्याला विद्युत्भार नसेल तर तो दिसणारही नाही, आणि वजनदार तर असतोच. कृष्णद्रव्याला पाहिजे ते सगळे गुण! याचे नाव न्यूट्रॅलिनो. याला टक्कर-यंत्रात कसे गाठावे यावर टाटा संस्थेतले दुर्गाप्रसाद रॉय १९८३-८४ पासूनच लिहीत होते. गोडबोले, ड्रीस आणि टाटा संस्थेतलेच प्रबीर रॉय या तिघांनी २००४ साली या साऱ्या कणांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. जगभरचे विद्यार्थी तो वापरतात.

ही शिकार ज्या यंत्रात करावयाची होती त्याचे आकारमान सांगतो. फुलंब्रीहून निघून छत्रपती संभाजीनगर गाठेपर्यंत जेवढा रस्ता तुडवावा लागतो, अदमासे तेवढ्या लांबीचे, म्हणजे २७ किलोमीटरचे वर्तुळाकार भुयार. खोली सुमारे शंभर मीटर. आपल्याकडच्या चांगल्या खोल पाच विहिरी एकीखाली एक ठेवाव्या, तेवढी. त्यात पंधरा मीटर लांबीचे १२३२ मुख्य चुंबक, उणे २७१ अंशांपर्यंत गार केलेले. झोतांचे पुंजके सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांना छेदतात. हे यंत्र १० सप्टेंबर २००८ ला सुरू झाले आणि नऊच दिवसांत चुंबकांमधला एक विजेचा सांधा वितळून बंद पडले. दुरुस्तीला वर्षाहून जास्त काळ गेला. एवढ्या मोठ्या कारखान्यात एक सांधा कच्चा राहिला, ही गोष्ट मोटार-पंपाच्या जळलेल्या वायरींशी झगडणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला लगेच समजेल.

१९९१ साली भारताने सर्नशी सहकार्याचा करार केला आणि १९९६ पासून या यंत्राच्या उभारणीत आपला वाटा सुरू झाला. ते अवजड चुंबक ज्यांवर बसवून केसाइतक्या बारकाईने हलवतात, ते सुमारे सात हजार जॅक इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या पुढाकाराने आपल्या देशात तयार झाले. ट्रॅक्टरचे चाक बदलताना लावतो त्याच जातकुळीची वस्तू, पण अचूकता मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाची.

याहून मोलाची एक वस्तू मुंबईची आहे, आणि आजच्या विषयाशी तिचा थेट संबंध आहे. या भुयारावर सी. एम. एस. नावाचे १४ हजार टन वजनाचे एक निरीक्षण-यंत्र आहे. टकरीतून निघालेले कण त्यात थरांमागून थर ओलांडताना आपली ऊर्जा टाकतात आणि ती मोजली जाते. मधे एक मोठे चुंबकी वेटोळे आहे. वेटोळ्याच्या आतली जागा अपुरी असल्यामुळे काही जोरदार फवारे आत पुरते न जिरता बाहेर निसटतात. म्हणजे अंगणाला पश्चिमेकडे एक खिंडार! खापऱ्या तिथून बाहेर पडल्या तर आपण समजणार तूट आली, आणि कृष्णद्रव्य सापडले म्हणून नाचू लागणार. हे खिंडार बुजवण्यासाठी वेटोळ्याच्या बाहेर आणखी एक मापक थर बसवला आहे. टाटा संस्था आणि चंदीगडचे पंजाब विद्यापीठ यांनी तो बांधला. त्यात विशिष्ट प्लॅस्टिकच्या फरश्या असतात. कण गेला की फरशीत प्रकाशाची बारीक चमक होते आणि काचतंतूंसारख्या धाग्यांतून ती बाहेर नेऊन मोजतात. तूट खरी की खोटी, याचा निवाडा करायला आपल्या लोकांनी केलेला थर असा दाराशीच बसला आहे.

एवढा खटाटोप करून निकाल काय? ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कण सापडल्याचे जाहीर झाले, आणि त्यात आपल्या लोकांचाही हात होता. २०१५ पासून टकरींची ऊर्जा जवळजवळ दुप्पट केली. तुटीच्या घटना लाखांनी तपासल्या. आणि कृष्णद्रव्य? ते सापडलेले नाही. अतिसममितीचे जोडीदारही सापडले नाहीत. ज्या घटना दिसल्या त्या सगळ्या न्यूट्रिनोंच्या आणि ओळखीच्या क्रियांच्या हिशेबात बसल्या.

यावर गावात प्रश्न विचारतात, आणि विचारावाच : मग एवढा पैसा कशाला घातला? या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर आहे, की सर्नमध्ये १९८९ साली संगणकांचे जागतिक जाळे, म्हणजे तुमच्या मोबाइलवर चालणारे वेब, जन्माला आले. गोष्ट खरी आहे. पण मला हे उत्तर आवडत नाही. विहीर खणताना पाणी लागले नाही, पण दगड निघाला तो बांधाला उपयोगी पडला, असे सांगण्यासारखे ते आहे. सरळ उत्तर असे, की इथे नाही हे कळले म्हणजे पुढची विहीर कुठे खणू नये हे कळते. कणाचे वजन अमुक असून तो अमुक रीतीने वागत असता तर दिसला असता. दिसला नाही, सबब तो तसा नाही. असे पुष्कळसे शिवार आता खुणा करून बाजूला टाकले आहे. ज्यांनी आयुष्याची पंचवीसतीस वर्षे त्याच शिवारावर भरवसा ठेवून काढली, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट सोपी नसते, हेही आपण ओळखले पाहिजे.

शोध एकाच वाटेने चालतो असेही नाही. झारखंडातल्या जादुगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर २०१७ पासून एक प्रयोगशाळा आहे. आकाशातून येणारा कृष्णद्रव्याचा कण आपल्या उपकरणावर आपोआप आदळतो का, याची वाट पाहण्याच्या कामासाठी तिचा उपयोग करतात. आपल्या मराठवाड्यातही, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारायला २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. तिचा विषय निराळा आहे, पण विश्वाच्या न दिसणाऱ्या बाजूकडे कान लावण्याचाच तोही एक प्रकार. औंढ्याच्या देवळाला सहली नेणाऱ्या शिक्षकांनी हे मुलांना जरूर सांगावे.

हे सांगताना मला आपल्या भागातली दुसरी एक जागा आठवते. कन्नडचा घाट उतरून गेले की चाळीसगावजवळ पाटणचे जुने स्थान आहे. तिथल्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला आणि त्याला इ. स. १२०७ मध्ये दाने मिळाली. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ सर्वांना ठाऊक आहे. राम रामस्वामी यांच्याबरोबर रोहिणीताईंनी २००८ साली भारतातल्या सुमारे शंभर स्त्री-वैज्ञानिकांच्या आठवणींचे पुस्तक संपादित केले, त्याला नाव दिले ते ‘लीलावतीच्या मुली’ या अर्थाचे. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या भगिनींनी ते मिळवून वाचावे. इंग्रजीत आहे, पण फार अवघड नाही.

रोहिणीताईंच्या एका जुन्या निबंधाची गोष्ट सांगून थांबतो. २००३ साली, म्हणजे हिग्ज कण सापडण्याच्या नऊ वर्षे आधी, त्यांनी टाटा संस्थेतले गुचैत, कजरी मजुमदार, दुर्गाप्रसाद रॉय आणि इंग्लंडमधले मोरेट्टी यांच्याबरोबर एक प्रश्न सोडवायला घेतला होता. हिग्ज कण मोडून कृष्णद्रव्याचीच जोडी तयार झाली, तर तो हिग्ज आपल्याला दिसणार कसा? कारण मग मोडलेले तुकडेच अदृश्य! त्यांनी दाखवले की हिग्जबरोबर कधी कधी झेड किंवा डब्ल्यू कण जन्मतो. तो सोबती दिसतो. सोबत्यावरून आणि समोरच्या तुटीवरून न दिसणाऱ्या हिग्जचा माग काढता येईल. चोर दिसला नाही तरी त्याच्याबरोबर जत्रेला आलेला भाऊ दिसतो, तसे. सर्नमध्ये ज्या अनेक वाटांनी हा माग काढतात, त्यांतली ही एक वाट आहे. नेहमीच्या नियमांनीही हिग्ज चार न्यूट्रिनोंत मोडून नाहीसा होऊ शकतो, पण हजारांत एखादाच. कृष्णद्रव्याशी त्याचे काही नाते असेल तर हे प्रमाण वाढले पाहिजे. २०२३ साली सर्नच्या दोन मोठ्या प्रयोगांनी आपले आकडे छापले : अशा नाहीशा होणाऱ्या हिग्जांचे प्रमाण एकाच्या मते शेकडा ११ हून, दुसऱ्याच्या मते शेकडा १५ हून जास्त असू शकत नाही.

रोहिणीताई २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात निवर्तल्या, वय ७१. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली होती. शेकडा ११ आणि हजारी एक, या दोन आकड्यांच्या मधले रान अजून तपासलेले नाही. जिनिव्हाचे ते यंत्र आणखी जोरदार करून २०३० च्या सुमारास पुन्हा चालू करण्याची योजना आहे, आणि तेव्हा त्या रानात बरेच आत शिरता येईल.